नावेचा दगड

"दगड जिथून उचलला तथीच नेऊन ठेवजो, पोरी. हातभर बी इकडंतिकडं नोको."

विठ्ठलकाकांनी हे सांगितलं तेव्हा केतकी नववीत होती, आणि नववीतल्या पोरीला मोठ्यांचं जेवढं ऐकू येतं तेवढंच तिला ऐकू आलं. "हो काका, हो," म्हणत तिनं दगड गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं सायकलच्या कॅरियरला आवळला आणि ती निघाली. मागून काका आणखी काहीतरी म्हणाले. तिनं वळूनही पाहिलं नाही.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली. आता केतकीच्या कडेवर दीड वर्षाची शाल्मली आहे, आणि मूल कडेवर आलं की बाईचे कान बदलतात. पाणी उकळलं का, खिडकीची कडी लागली का, पोरीचा श्वास नीट चालला आहे का, सगळं ती दोनदा बघते. साकेत, तिचा नवरा, चिडवतो, "मागच्या जन्मी तू कोतवाल होतीस." असेल. पण या जन्मात एका वाक्याकडे तिनं लक्ष दिलं नाही, आणि ते वाक्य बारा वर्षांनी तिच्या दाराशी येऊन उभं राहिलं.

तर तो दगड. मध्यम कोहळ्याएवढा, करडा, गारेसारखा टणक, आणि अंगभर नखाएवढे शंख. कोरलेले नव्हे, खरेखुरे. दगडात दगड होऊन बसलेले. बोरी अरबला नदीकडे उतरणाऱ्या वावरांमध्ये विठ्ठलकाकांचं वावर होतं. त्याच्या वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारा पळस, आणि पळसाजवळ हा दगड, माथ्यावर शेंदूर. गाव त्याला नावेचा दगड म्हणायचं. सगळं जग पाण्याखाली गेलं तेव्हा सत्यव्रत राजाची नाव इथं टेकली होती, पाणी इथंच थांबलं होतं, असं म्हणत. म्हणून एक नेम होता: दगडाच्या खाली कापसाची पऱ्हाटी लावावी, कडबा रचावा, पण चूल मांडू नये. खाली घर कोणाचंच नव्हतं. का नव्हतं, हे विचारायचं कोणाला सुचतही नव्हतं.

कोणाला म्हणजे केतकीच्या बाबांना सोडून.

चंद्रशेखर गुरुजी मूळचे यवतमाळ शहरातले. घरात दोन पिढ्या कचेरीतली नोकरी. ते बोरी अरबच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि सतरा वर्षं तिथंच रमले. आणि विठ्ठलराव, म्हणजे विठ्ठलकाका, हे कास्तकार. कापूस, तूर, थोडी ज्वारी. पण माघात मारुतीच्या देवळात भागवताचा सप्ताह बसला की पोथी वाचायचा मान त्यांचा. आवाज खणखणीत, अर्थ सांगायची हातोटी अशी की पुढं बसलेल्या बायांच्या वातीसुद्धा हातात राहून जायच्या.

चौथ्या दिवशी मत्स्यावतार यायचा. ओंजळीत मावणारा मासा कमंडलूत मावेना, कमंडलूतला रांजणात मावेना, रांजणातला तळ्यात मावेना. मग तो राजाला सांगतो: आजपासून सातव्या दिवशी सगळं बुडणार, नाव येईल, तीत सगळ्या जातींचं बियाणं घे. इथं आलं की विठ्ठलकाका चष्मा काढायचे, बोट पोथीत ठेवायचे आणि मंडपाच्या खांबाकडे बघून म्हणायचे, "हं. गुरुजी, काढा शंका."

गाव सरसावून बसायचं. पोथीइतकीच गर्दी या शंकेला.

"शंका अशी की," बाबा उठून म्हणायचे, "पृथ्वीवर जेवढं पाणी आहे, समुद्राचं, ढगांतलं, विहिरींचं, तुमच्या तांब्यातलं धरून, ते सगळं एकत्र केलं तरी डोंगर बुडत नाहीत. मग एवढं पाणी आलं कुठून आणि गेलं कुठं?"

"मुरलं."

"कुठं मुरलं?"

"थे माह्या विहिरीत तं नाही आलं, एवढं सांगतो."

मंडप हसायचा. बाबाही हसायचे, आणि परत चिवटपणे सुरू. "बरं, तुमचा दगड घ्या. ते शंख समुद्रातले नाहीत. तळ्यातल्या गोगलगायी आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत होता. एक थर वाहून गेला, थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यात गोगलगायी. मग दुसरा थर आला आणि सगळं झाकून गेला."

"थो लाव्हा तुमी पाह्यला?"

"मी कसा पाहीन? दगडानं पाहिला. मी दगडाला विचारतो."

"म्या बी त्यालेच तं विचारून राह्यलो. मले एक सांगते, तुमाले दुसरं. दगड लय हुशार हाय, समोरचा मानूस पाहून बोलते."

आणि संध्याकाळी सगळं गाव नदीकडच्या वाटेनं दगडापाशी जायचं. प्रत्येक घरचं मूठभर बियाणं, स्वतःच्या धान्याच्या ढोलीतलं: सरकी, तूर, ज्वारी, अंबाडी. दगडासमोर ओतायचं, मिसळायचं, आणि त्यातलंच मूठमूठ परत घरी न्यायचं. केतकीची आई, शोभाताई, शेत नसलेली. ती मेथीदाणे न्यायची. वच्छलाकाकू, विठ्ठलकाकांची बायको, दरवर्षी तिची थट्टा करायची, "घ्या बाप्पा, मास्तरीणबाईची फोडणी आली. आता नाव बुडत नाही."

केतकीला अजून वाटतं, वाद असावा तर असा. दोघंही जिंकायला बसायचे आणि जिंकलं तर दोघांनाही करमलं नसतं.

एका उन्हाळ्यात काकांनी वरच्या धुऱ्याजवळ विहीर खणायला घेतली. केतकी तेव्हा सातवीत. बाबा रोज संध्याकाळी काठावर बसून असायचे, विहिरीच्या भिंतीचे थर बघत. एक दिवस खाली उतरले आणि चिखलानं माखून वर आले. मुठीत ओली वाळू. वर काळी माती, खाली मुरूम, आणि मधोमध बोटभर जाडीचा नदीच्या वाळूचा पट्टा. गोल गुळगुळीत गोटे त्यात.

"विठ्ठलराव," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, "नदी इथवर आली होती. लाव्ह्याच्या काळात नाही, हल्ली. दोनशे, चारशे वर्षं झाली असतील. थर वर वर पातळ होत जातोय. तुमच्या दगडाच्या जरा खाली संपत असणार."

"मंग म्या काय सांगून राह्यलो इतके वर्सं?"

"तुम्ही जग बुडालं म्हणता. जग नाही बुडालं. बोरी बुडाली होती."

काकांनी वाळू आपल्या तळव्यावर घेतली, अंगठ्यानं चोळली. "बोरीवाल्याले बोरीच जग असते, गुरुजी," ते म्हणाले.

त्या दिवशी पुढं वाद झाला नाही. दोघं विहिरीच्या काठावर शेंगा खात बसले, आणि अंधारून यायच्या आत केतकीनं दोघांना हाक मारून उठवलं.

आता सत्त्याण्णवचा डिसेंबर. दारव्ह्याला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. केतकीनं तक्ता काढला: लाव्हा, तळं, गोगलगाय, परत लाव्हा. पण तक्त्यासमोर खरा शंख हवा. बाबा म्हणाले, मी मागणार नाही, तूच माग. तिनं मागितला. गावाचा देव होता तो, पण काकांनी लगेच शेंदूर पुसला, दगडाला पाण्यानं धुतलं आणि तिच्या हातात दिला. "जाऊ दे त्याले बी शाळेत," म्हणाले. आणि मग ते वाक्य.

तिला दुसरा नंबर मिळाला. परत यायच्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला, झाडावर फुटलेला कापूस भिजून लोंबत होता. ती जीपमधून स्टँडवर उतरली, तिथं ठेवलेल्या सायकलवर दगड बांधला आणि नदीकडच्या वाटेला लागली. ही वाट आधी खाली नदीपर्यंत जाते आणि मग वावरातून वर चढते. काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवला आहे त्यालाच तो कळेल. दहा पावलांत चाक मडगार्डात गच्च बसलं. काडीनं माती काढायची, पाच पावलं ढकलायची, परत काडी. खालच्या वळणावर बोरीचं झाड होतं, खाली सपाट जागा. तिथून पळस सत्तर पावलं वर. सत्तर पावलं, आणि उतार म्हणाल तर दीड पुरुष उंचीचा.

तिनं दगड बोरीखाली ठेवला. नुसता टाकला असता तरी बरं झालं असतं. पण तिला जरा अपराधी वाटलं, म्हणून एक चपटा दगड शोधून त्यावर नीट बसवला, शंख समोर येतील असा फिरवला, वर रुईचं फूल ठेवलं. उद्या येऊन वर नेऊ. घरी बाबांनी विचारलं, "ठेवलास?" ती म्हणाली, "ठेवला."

उद्या चिखल होता. परवा शाळा. मग बाबांच्या छातीत दुखलं आणि त्यांना नागपूरला न्यावं लागलं. तीन आठवडे तिकडंच गेले. त्या गडबडीत दगडाची आठवण कोणाला राहणार?

माघात सप्ताह बसला. बाबा शाल पांघरून मंडपात खांबाला टेकून बसलेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाव वाटेनं निघालं तेव्हा केतकी सगळ्यांच्या मागं राहिली. आता कोणीतरी म्हणेल. पुढं काका होते. ते बोरीच्या झाडापाशी थांबले, दगडाकडे बघितलं, मग मागं वळून बाबांकडे. बाबांनीही दगडाकडे बघितलं, मग काकांकडे. कोणी काही बोललं नाही. काकांनी शेंदूर लावला, बायांनी बियाणं ओतलं, नारळ फुटला.

केतकी सुटली. आणि सुटका झाली की माणूस तिचा सिद्धांत करतं. पुढं अमरावतीला बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा होस्टेलवर ती ही गोष्ट सांगायची. "आमच्या गावचा देव मी सत्तर पावलं खाली आणला. कोणाला पत्तासुद्धा नाही. अशी असते श्रद्धा." मुली हसून लोळायच्या.

त्या वर्षांत बोरीचं बोलणंच बदललं. पेपर उघडला की जिल्ह्याचं नाव एकाच कारणासाठी यायचं. शोभाताई तो पेपर घडी घालून गादीखाली सारायच्या. कापसाचं बियाणं पाकिटातून यायला लागलं. ते पाकिटातलं बी धरून ठेवायचं नाही, पुढच्या साली परत नवं आणायचं. त्यामुळं सप्ताहात दगडासमोर सरकी येईनाशी झाली. तूर, ज्वारी, कोणाची हळद. एका वर्षी म्हणे मूठभर बियाण्यात सगळ्यात जास्त शोभाताईंचे मेथीदाणेच होते. वच्छलाकाकूंनी त्या वर्षी थट्टा केली नाही.

मग बाबांची बदली दारव्ह्याला झाली. दर माघात ते बोरीला जात, शंका काढून येत. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच. विठ्ठलकाका आले, ओसरीवर बसून राहिले, आणि जाताना शोभाताईंना एवढंच म्हणाले, "वहिनी, आता पोथी नुसतीच वाचा लागल."

केतकीचं लग्न झालं, ती यवतमाळला आली, शाल्मली झाली. आणि दोन हजार नऊच्या मे अखेरीस आईला आपल्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा दारव्ह्याचं घर आवरायला ती गेली. बाबांची पुस्तकं बांधताना एक शंभर पानी वही निघाली. विहिरीचं चित्र, थर, फुटांचे आकडे. खाली बाबांचं बारीक अक्षर: 'वाळूचा थर दगडाच्या खालच्या अंगाला, उतारावर साधारण चार फुटांवर संपतो. दगड पळसापासून पूर्वेस बावीस पावलं. लोकांची खूण आणि मातीची खूण जवळपास एकच. नोंद महत्त्वाची.'

केतकी हसली. पान उलटलं. पुढची तारीख अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली.

'दगड खाली बोरीच्या झाडापाशी आला आहे. केतकीनं जागेवर ठेवला होता, म्हणजे विठ्ठलरावांनी नंतर हलवला. वाळू तर वरपर्यंत आहे. पण माझ्याकडे एक विहीर आहे. त्यांच्याकडे पिढ्यांची आठवण. काही जुना आधार सापडला असेल. विचारणार होतो. यंदा त्यांची पऱ्हाटी पावसानं काळी पडली, माणूस गप्प आहे. या वर्षी वाद नको. त्यांचं बरोबर असेल.'

वही मांडीवर ठेवून ती तशीच बसली. शाल्मली शेजारी पुस्तकाचं पान फाडत होती. केतकीनं तिला थांबवलं नाही.

"आई," तिनं विचारलं, "विठ्ठलकाका कसे आहेत ग?"

"बरे आहेत. आता गावात कुठं असतात ते. मुलगा पुण्याला कंपनीत, नातू ऋतिक तिकडंच शाळेत. रानडुकरं फार झालीत ना, रात्रीतून तूर लोळवतात. म्हणून दोघांनी वावरातच दोन खोल्या बांधल्या, जागलीला बरं. वच्छलावहिनी सांगत होत्या, दगडाच्या वर वीस पावलं सोडून बांधलं, नेम मोडला नाही."

केतकीनं मनात उतार मोजला. बोर. वीस पावलं वर घर. त्याच्याही पन्नास पावलं वर, पुरुषभर उंचीवर, दगडाची खरी जागा. बाबांची वाळू तिच्या जवळपास पोचलेली. म्हणजे नदी पुन्हा तेवढी आली तर घरात वच्छलाकाकूंच्या डोक्याएवढं पाणी. मृग आठ दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपमध्ये ती शाल्मलीला घेऊन बसली. पिशवीत उकळलेलं पाणी, तापाचं औषध, दोन टोप्या आणि वही.

घर छान होतं. निळं दार, समोर सारवलेलं अंगण, तुळस. काकू धावत आल्या. "अवं माय, मास्तरीणबाईची नात. आण इकडं. किती वाळली हे पोट्टी, शहरात जेवू घालत नाही का?"

काका खाटेवर बसलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण आवाज तोच. "कायले आली एवढ्या उनाचं? फोन कराचा ना."

"केला होता काका. बंद लागतो."

"बंदच ठेवतो. बॅटरी उतरते." मोबाइल पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

पाणी झालं, गूळ-शेंगा झाल्या. मग केतकीनं सांगितलं. जीपमध्ये वाटभर तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "काका, तो दगड मी खाली ठेवला. चिखल होता. तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." आणि वहीचं पान वाचून दाखवलं.

काकांनी वही हातात घेऊन ते पान स्वतः वाचलं. शाल्मली त्यांच्या चष्म्याचा दोरा ओढत होती.

"म्हंजे थो गुरुजीनं ठेवलाच नव्हता," ते शेवटी म्हणाले.

"बाबांनी? बाबांनी कशाला?"

"मले वाटलं ना. पोरगी शब्दाची पक्की, तिनं जागेवर नेला असन. मंग गुरुजीनं वाळू मोजून खाली घेतला. माह्यापाशी नुसती पोथी, त्याच्यापाशी वाळू. अन् वाळू म्या सोता डोळ्यानं पाह्यलेली. इचारनार होतो. पन थो तवा नागपुरातून येऊन राह्यला होता, चेहरा कसा पांढरा फट. हे म्हने," त्यांनी काकूंकडे बोट केलं, "या साली त्याच्यासंगं भांडू नोका. म्हटलं, जाऊ दे. एक डाव त्याचं खरं."

"बारा वर्सं म्या त्या बोरीखाली नारळ फोडून राह्यली," काकू म्हणाल्या, "अन् थो देव तथी मुक्कामाले होता."

त्या हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. काका हसले नाहीत.

"सतरा-अठरा वर्सं भांडलो आमी," ते म्हणाले. "एकदाच दोघंबी चूप बसलो, अन् थेच चुकलं."

"तुम्ही दोघं बरोबर होता, काका. चुकले मी."

"तू लेकरू होती."

"लेकरू होते तोवर ठीक. नंतर कॉलेजात मी हे हसून सांगायची."

काकांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. पोथी वाचताना अवघड ओळ आली की बघायचे तसं. "मंग आज सोता येऊन सांगतली. फिटलं." आणि उठून उभे राहिले. "चाल. जागा कोनती लिवली हाय?"

काकांनी शाल्मलीला खांद्यावर घेतलं. केतकी आणि काकूंनी दगड घमेल्यात लोटला, दोन्ही बाजूंनी धरला आणि सत्तर पावलं चढायला निघाल्या. दर वीस पावलांवर टेकवायचा, श्वास घ्यायचा. केतकीला वाटलं, एवढंच होतं. तेव्हा एवढंच तर करायचं होतं.

पळस अजून होता, अर्धा वाळलेला. पूर्वेला बावीस पावलं. काकांनी मोजली, मग केतकीनं मोजली. दोघांत तीन पावलांचा फरक. "गुरुजीची पावलं लहान," काका म्हणाले, "थो धोतर नाही, पँट घाले." खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली एक चपटी फरशी लागली, आणि तिच्या खाचेत जुना, काळपट पडलेला शेंदूर.

दगड तीवर बसला तो असा की हलवूनही हलला नाही.

तिथं उभं राहून खाली पाहिलं की घराचं सारवलेलं अंगण दिसत होतं. पायाखाली. त्याच्या खाली बोर, त्याच्या खाली नदीची कोरडी वाळू, उन्हात चमकणारी. इतकी निरुपद्रवी की बाबांनीही तिला बघून एखादी शंका काढली असती.

"आता घर," केतकी म्हणाली.

"घर काही दगड नाही, पोरी. घमेल्यात येत नाही."

"पावसाळ्यापुरतं गावात राहा. तुमचं गावातलं घर रिकामंच आहे ना?"

"अन् तूर डुकराले देऊ?"

"काका, तुमच्याच नेमानं सांगते. दगडाच्या खाली चूल नको."

काकांनी खाली बोरीकडे बघितलं. हा मुद्दा पोथीचा होता आणि वाळूचाही. मग म्हणाले, "पानी बोरीच्या बुडाले लागलं का निघतो. वचन."

"हा कायचा निघते," काकू म्हणाल्या. "पोथी घिऊन बसन, अन् म्हनन, पाहू कुठवर येते तं."

"मग काकू, तुम्ही ठरवायचं. तुम्ही उठलात की उठायचं."

"व्हय," काकू म्हणाल्या. "मले पोहता येत नाही अन् मले शंका बी नाही." आणि कमरेच्या गाठीतून काढून चार तुरीचे दाणे दगडासमोर ठेवले. केतकीनं पिशवी चाचपली. शाल्मलीच्या खिमटीचे मूगतांदूळ होते, त्यातली चिमूट ठेवली. माघ नव्हता, सप्ताह नव्हता. काका पोथी न उघडताच म्हणाले, "हं. गुरुजी, काढा शंका." वारा पळसातून गेला.

ती परत आली. त्यानंतर रोज संध्याकाळी आकाश बघायची तिला सवय लागली. जून कोरडा गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला तो सुटेना. आज चौथा दिवस. काकांचा फोन बंद लागतो. बॅटरी असेल, साकेत म्हणतो, तू उगाच घाबरतेस. असेल. शाल्मलीला एकशे दोन ताप आहे, तिला टाकून केतकीला निघता येत नाही. आई देवापाशी बसली आहे आणि मेथीदाण्यांचा डबा तिनं ओट्यावरच ठेवला आहे, का ते तिचं तिलाही सांगता येणार नाही.

म्हणून केतकीचं हे वाचणाऱ्याला एक मागणं आहे. तुम्ही दारव्ह्याकडं जाणार असाल, या पावसात किंवा पुढच्या कोणत्याही पावसात, तर बोरी अरबच्या स्टँडवर उतरा. नदीकडच्या वाटेला कोणालाही विचारा. पाणी बोरीच्या झाडाच्या बुडाशी असेल तर पुढं जाऊ नका, गावातून वरच्या धुऱ्यानं जा आणि निळ्या दाराकडे बघून हाक मारा. दोनदा मारा, काका पोथीत असले की एका हाकेला ऐकत नाहीत. चुलीचा धूर दिसला नाही तर पळसाकडे बघा. दोघं तिथं दगडापाशी बसलेली असतील, गोणपाट डोक्यावर घेऊन. काका तुम्हाला विचारतील, काही शंका हाय का? असली नसली तरी एक काढा. थोडं भांडा त्यांच्याशी.

आणि मग केतकीला कळवा, दोघंही वर आहेत म्हणून.